दोन इंच

खुर्ची मंगळवारी सकाळी आली, आणि कुशनवाल्याला पहिल्यांदा खटकलं ते हेच. ही खुर्ची वर्षातून एकदा यायची, फुटबॉलचा हंगाम संपला की. नवारीचे पट्टे ताणून घ्यायचे, शिवण उसवली असेल तिथे दाभणाने दोन टाके घालायचे, पितळी खिळे पुसायचे आणि परत पाठवायची. नऊ वर्षं हा नेम चुकला नव्हता. आणि आता हंगाम ऐन रंगात, शनिवारी मॅच, आणि ही टेम्पोतून उतरून दुकानाच्या दारात उभी. टेम्पोवाला सही घेऊन गेलासुद्धा. पाठीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी होती, क्लबच्या सामानघराची. वर छापील टेलिफोन नंबर आणि खाली निळ्या शाईत दोनच ओळी : बैठक दोन इंच उंच करणे. शुक्रवारपर्यंत पाहिजे. त्याने ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. ओठांत दोन खिळे धरलेले होते ते काढून हातात घेतले. तोंडात खिळे असताना विचार करू नये, असं त्याचे वडील म्हणायचे. याच दुकानात, याच फळीवर बसून त्यांनी त्याला हा धंदा शिकवला होता.

खुर्ची मास्तरांची होती. मास्तर म्हणजे क्लबचे मॅनेजर. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं, पण खेळाडूचा कान धरायची सवय अशी की पहिल्याच महिन्यात लोकांनी हे नाव ठेवून दिलं. आल्या आल्या ते म्हणाले होते, बाकड्यावर मी बसणार नाही, बाकडं हे ज्यांना अजून खेळायला बोलावलं नाही त्यांच्यासाठी असतं. मग वर्षभर ते उभेच राहिले, मैदानाच्या रेघेवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे, पिंजऱ्यातल्या वाघाला दमवतील असे. त्या वर्षी क्लब वरच्या वर्गात चढला. आम्ही प्रेक्षकांनी काहीतरी द्यावं असं ठरलं, आणि काय द्यावं यावर सलूनमध्ये तीन आठवडे भांडण झाल्यावर ठरली खुर्ची. माप घ्यायला कुशनवाला स्वतः गेला होता. मास्तरांना स्टुलावर बसवलं, टेप जमिनीला टेकवून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत नेली. साडेसोळा इंच. बुटका माणूस. "जन्मात पहिल्यांदा माझे पाय जमिनीला टेकणार बघ," मास्तर म्हणाले होते, आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली होती. पंचेचाळीस वर्षांच्या बाप्याच्या डोक्यावर टपली! त्याला ती पुढे कित्येक दिवस जाणवत होती.

आणि आता साडेअठरा. साडेअठरा इंचांच्या बैठकीवर मास्तरांचे पाय शाळकरी पोरासारखे लोंबकळतील. साडेअठरा हे उंच माणसाचं माप, आणि उंच माणूस कोण हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. महिनाभर दुसरा विषयच नव्हता. आठ मॅच हरलेल्या, मास्तरांचा करार संपत आलेला, क्लबचे मालक लोक विचारलं की हसून दुसरीकडे बघणारे, आणि शेजारच्या क्लबचा तो लंबू मॅनेजर दोनदा आपल्या स्टँडमध्ये येऊन, पाय कुठे ठेवू आणि कुठे नको असा दुमडून बसून, मॅच बघून गेलेला. मास्तर राहणार की जाणार? दुधाच्या रांगेत तेच, बँकेत तेच. बायका म्हणायला लागल्या होत्या की तुमचे मास्तर एकदाचे राहूदेत नाहीतर जाऊदेत, पण जेवताना गप्प बसा. कुशनवाल्याची रोजची झोप या एका प्रश्नाने खाल्ली होती. त्याला मास्तर राहायला हवे होते. हे तो शपथेवर सांगू शकला असता. तरी पण ती चिठ्ठी हातात घेऊन उभं असताना त्याच्या छातीत जे उडालं ते निव्वळ दुःख नव्हतं. अख्खं गाव ज्या प्रश्नावर डोकं फोडत होतं त्याचं उत्तर त्याच्या एकट्याच्या दुकानात, चार पायांवर उभं होतं. माणूस खोटं बोलेल, गुडघा खोटं बोलत नाही. सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच, पण स्वर्गात पोचलेल्याला सूत कुठे दिसतं?

फोन दुकानातच होता, कापडाच्या गाठोड्यांमागे भिंतीवर. नंबर चिठ्ठीवर होता. पाच पावलं. पुढे कित्येक दिवस तो ही पाच पावलं मोजत राहिला, झोपेत, आंघोळीला गेल्यावर, गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच. सामानघरात मामा असतात, सगळ्या क्लबचे मामा, खेळाडूंचे बूट आणि कपडे सांभाळणारे; त्यांना नुसतं विचारायचं, मामा, हे दोन इंच कशाला? पाच पावलं आणि एक वाक्य. दुपारी जेवताना बायकोने हेच विचारलं. ती वरण वाढत होती, आणि तो तिला हलक्या आवाजात, भिंतींना ऐकू जाईल म्हणून जपून, सगळं सांगत होता.

"अहो, पण विचारलंत का त्यांना?"

"विचारायचं काय त्यात? माप बोलतंय."

"माप बोलतंय," ती म्हणाली. "आणि तोंड असलेली माणसं गप्प. बरं आहे."

तिच्या या अशा बोलण्याची त्याला सवय होती. त्याने हसण्यावारी नेलं.

बुधवारी तो दाढी करायला सलूनमध्ये गेला. दाढी सकाळीच झाली होती घरी, हे सलूनवाल्याच्या बोटांनी ओळखलंच. सलूनवाला आणि तो एका बाकावर शिकलेले, एका स्टँडमध्ये शेजारी बसणारे, मास्तरांच्या पाठीपासून चार ओळी मागे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे कुशनवाल्याला पन्नास वर्षं माहीत होतं. मग सांगितलंच का? माहीत होतं म्हणूनच सांगितलं, असं नंतर त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं, आणि ते कबूल करणं फार जड गेलं. तेव्हा मात्र त्याने आधी शपथ घातली. "आईची शपथ घे." "घेतली. बोल." सलूनवाल्याने पायाने दांडा दाबून त्याला खुर्चीसकट दोन टप्पे वर चढवलं, कान तोंडाशी यावा म्हणून. आरशात कुशनवाल्याला आपला चेहरा दिसला, पांढऱ्या कापडावर नुसतं मुंडकं, आणि त्या मुंडक्यावर एक असा आनंद होता की त्याने डोळे मिटून घेतले. सांगून झाल्यावर सलूनवाल्याने वस्तरा मिटून ठेवला. "गेले म्हणजे मास्तर," तो म्हणाला. आवाज खरंच भरून आला होता त्याचा. "नऊ वर्षं रे." आणि मग दोघांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि दोघांनी मागच्या शनिवारची आठवण मात्र काढली नाही.

मागच्या शनिवारी दोघे ओरडले होते. सगळा स्टँडच ओरडत होता : उठा, मास्तर! उठा, मास्तर! कारण या हंगामात मास्तर बसून असायचे. जो माणूस खुर्ची मिळाल्यावरसुद्धा नव्वद मिनिटांतली दहा मिनिटं तिच्यावर टेकत नव्हता, गोल झाला की हवेत उडी मारायचा, तो आता शिट्टी वाजल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत तिच्यात रुतलेला. मन उडालंय, लोक म्हणत. त्याला आता खेळाशी घेणंदेणं राहिलं नाही. कुशनवाला तीनदा ओरडला होता. घसा बसेपर्यंत नाही, पण तीनदा. मॅच संपल्यावर मास्तर उठले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने खुर्चीवरच्या छपराचा लोखंडी खांब धरला होता, आधी खुर्चीच्या कडेला सरकले, मग खांब धरला, मग तोंड वाकडं करून वर आले. हे त्याने बघितलं होतं. चार ओळींवरून स्वच्छ बघितलं होतं. आणि हरल्यामुळे तोंड वाकडं झालंय असं समजून तो शेंगांच्या टरफलांची पुडी चुरगाळत बाहेर पडला होता.

गुरुवारी पेपरात आलं. सलूनवाल्याच्या खुर्चीत बुधवारी संध्याकाळी पेपरचा पत्रकार बसला होता, एवढंच. 'नव्या मॅनेजरची खुर्ची तयार', आणि खाली : विश्वसनीय सूत्रांकडून कळतं की क्लबने नव्या उंचीची बैठक करायला दिली आहे. विश्वसनीय सूत्र दुकानात बसून सागवानाचे चार नवे पाय तासत होतं. पेपर वाचून त्याने तो घडी करून फळीखाली सरकवला, आणि स्वतःला म्हणाला, आज नाही तर सोमवारी कळणारच होतं, मी काय केलं, दोन दिवस आधी केलं. काम मात्र त्याने मन लावून केलं. जुने पाय उतरवले, नवे बसवले, चारी बाजूंनी पातळी लावून बघितली. आणि रंधा मारता मारता त्याला वडील आठवले. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना खुर्चीतून उठता यायचं नाही. दोन्ही हात टेकवायचे, एकदा प्रयत्न, दुसऱ्यांदा प्रयत्न, मग कोणी बघत नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायचे, आणि पुन्हा बसून राहायचे, जणू उठायचंच नव्हतं. चहा नको, बाहेर नको, इथे बरं आहे. तो घरात नसताना वडील दिवसभर तसेच बसून असत हे त्याला फार उशिरा कळलं. मग एका सकाळी ते आंघोळीला गेले असताना त्याने त्यांच्या खुर्चीखाली चार ठोकळे ठोकले. नुसते ठोकळे, तीन बोटं उंचीचे. वडील आले, बसले, पेपर वाचला आणि उठले. हात न टेकता उठले. उठून उभे राहिल्यावर त्यांनी खाली बघितलं, ठोकळे बघितले, आणि विचारलं, "कोणी सांगितलं तुला?" तो म्हणाला, "कोणी नाही. दिसत होतं." वडिलांनी त्याच्याकडे बघितलं ते बघणं त्याला आयुष्यभराची कमाई वाटत आलं होतं. हे सगळं आठवून, हातात रंधा आणि अंगावर लाकडाचा भुगा घेऊन, त्याचे डोळे पाण्याने भरले. एवढं सगळं आठवलं, आणि तरी डोक्यात उजेड पडला नाही. समोर ती खुर्ची, ते दोन इंच, आणि हा बसला आहे बापासाठी डोळे पुसत. देवाने माणसाला अक्कल दिली ती वापरायची वेळ मात्र सांगितली नाही.

शुक्रवारी सकाळी मामा स्वतः आले. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि गाठोड्यावर बसले. 

"झाली वाटतं."

"झाली मामा. पाय नवेच घातले. ठोकळे लावले असते तर डुगडुगली असती."

"सुंदर केलीस. उपयोग नाही आता. मास्तरांनी काल संध्याकाळी राजीनामा दिला."

कुशनवाला म्हणाला, "म्हणजे पेपरात आलं ते..."

"पेपरात आलं ते कसलं रे!" मामांचा आवाज एकदम चढला. "कोण लंबू आणि कुठला लंबू! मालकांनी कालच करार टाइप करून ठेवला होता, आणखी दोन वर्षांचा. शनिवारी मॅच संपल्यावर मैदानातच द्यायचा होता त्यांच्या हातात. गुडघे गेलेत त्यांचे. दोन्ही. तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन, हे म्हणतात हंगाम संपल्यावर. खेळाडूंना सांगायचं नाही, मालकांना सांगायचं नाही. मीच एक बघतो रोज. त्या बुटक्या खुर्चीतून उठताना काय हाल होतात त्यांचे, तुला काय सांगू. आणि वर तुम्ही लोक ओरडता, उठा. उठवत नव्हतं त्यांना! म्हटलं, उंच करून घेऊ खुर्ची. पाय लोंबले तर खाली पाट देऊ. त्यांना विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणून न सांगताच पाठवून दिली तुझ्याकडे. त्यांनी काल सकाळी पेपर उघडला. खुर्ची जागेवर नाही, हे त्यांनी मंगळवारीच बघितलं होतं. दोनात दोन मिळवले. म्हणाले, काढायच्या आधी उठतो. मी धावत गेलो, पाया पडलो, सगळं सांगितलं. तर म्हणतात, मामा, आता उठलो तो उठलो. हल्ली उठणं किती अवघड झालंय ते तुम्हालाच ठाऊक. पुन्हा बसवू नका."

दुकानात शिवणयंत्राच्या पट्ट्यावर एक माशी बसत-उठत होती.  दिसत होतं. कुशनवाल्याला खांब धरलेला तो हात दिसत होता. वडिलांचे ठोकळे, डोळ्यांतलं पाणी, सगळं दिसत होतं, आणि आपल्याला दिसतं म्हणून आयुष्यभर स्वतःच्या पाठीवर थाप मारत आलेल्या त्यालाच दिसलं नाही. मामांनी मान वर केली.

"तू कोणाला बोलला होतास का रे?"

"नाही," कुशनवाला म्हणाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. विचार करायला एक क्षणही लागला नाही.

"मला वाटलंच. मास्तरही तेच म्हणाले. म्हणाले, टेम्पोवाला बोलला असेल, सामानघरातला कोणी बोलला असेल. कुशनवाला नाही बोलणार, त्याने माझं माप घेतलंय." मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. "खुर्ची त्यांच्या घरी पोचव. माझ्याकडे राहू दे म्हणालेत, आठवण म्हणून. पण त्या पेपरवाल्याचं तळपट होवो."

ती रात्र आणि शनिवारची सकाळ कशी गेली याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. तो कामच करत होता. बायकोला त्याने सगळं सांगितलं, मामांशी खोटं बोललो तेही सांगितलं. त्याला वाटलं ती म्हणेल, मी म्हटलं नव्हतं? ती तसं काही म्हणाली नाही. नुसतं म्हणाली, "तुम्हीच जा खुर्ची घेऊन. टेम्पोवाल्याबरोबर पाठवू नका." मॅच तीनला होती. त्याने मुद्दाम तीनचीच वेळ धरली, गल्ल्या रिकाम्या असतील म्हणून. हातगाडीवर खुर्ची बांधून तो निघाला, तर अर्धं गाव अजून मैदानाकडे चाललेलंच होतं. सलूनवाला समोरून आला, गळ्यात क्लबचा रुमाल, हातात कापडी फलक : मास्तर, परत या. बैल गेला आणि झोपा केला. "येणार नाहीस?" त्याने विचारलं, आणि खुर्ची बघून पुढे काही न बोलता मान खाली घातली. सलूनवाल्याने कोणाला सांगितलं होतं हे दोघांनाही माहीत होतं. त्याला कोणी सांगितलं होतं, हेही.

मास्तरांचं घर मैदानाच्या मागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना खुर्ची डोक्यावर घेतली होती, त्यामुळे दार उघडल्यावर त्याला आधी मास्तरांचे पाय दिसले, मोज्यांतले, सुजलेले. "आण, इकडे खिडकीशी ठेव," मास्तर म्हणाले. खोलीत रेडिओ नव्हता की टीव्ही लावलेला नव्हता. खिडकीतून मैदानाची भिंत आणि दिव्यांचे खांब दिसत, मैदान नाही. मास्तर भिंतीचा आधार घेत आले आणि खुर्चीत बसले. पाय जमिनीपासून तीन बोटं वर राहिले. त्यांनी ते हलवून बघितले आणि हसले.

"पुन्हा लोंबकळायला लागलो."

"पाट आणून देतो," कुशनवाला म्हणाला. मग त्याने एकदम सांगून टाकलं, कारण आणखी एक वाक्य दुसरं काही बोलला असता तर मग ते कधीच झालं नसतं. "मास्तर, मी बोललो. सलूनमध्ये. टेम्पोवाला नाही, सामानघरातलं कोणी नाही. मी मामांनाही खोटं सांगितलं."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. ते बघणं वडिलांच्या त्या बघण्यासारखं अजिबात नव्हतं, आणि तरी त्याला तेच आठवलं. मग त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, चुकीचा पास दिलेल्या खेळाडूला विचारावं तसं, "फोन का नाही केलास?"

हाच तो प्रश्न. कालपासून त्याने स्वतःला विचारलेला. त्याला वाटलं होतं याचं उत्तर आपल्याकडे नाही, पण विचारल्यावर ते तोंडातून आपोआप आलं. "मला सगळ्यांच्या आधी कळलंय असं वाटलं. फोन केला असता तर ते गेलं असतं."

"हं," मास्तर म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या हातावरचे पितळी खिळे एकेक करून अंगठ्याने चाचपले.  "मी तरी कुठे केला? पेपर वाचला, टोपी घातली आणि जाऊन कागद टेबलावर ठेवला. मालक काहीतरी बोलत होते, ऐकून घेतलं नाही. मामा नंतर पाया पडत होते तेव्हा मला खरं काय ते कळलं. पण तोपर्यंत सगळ्यांसमोर उठून झालं होतं. बाहेर तुम्ही लोक महिनाभर ओरडतच होता, तेवढंच कानात होतं."

"मी तीनदा ओरडलो."

"तू पण का?" मास्तरांनी मान हलवली. त्यांना याचं जास्त लागलं, हे स्पष्ट दिसलं. पेपरच्या वेळी न आलेलं पाणी आता त्यांच्या डोळ्यांत आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. कुशनवाल्याला वाटलं खाली बसावं, त्यांचे पाय धरावेत, पण पाय हवेत होते, आणि ते हवेत असण्याला कारणही तोच होता, त्यामुळे तो उभाच राहिला. माफ करा म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलंही.

तेवढ्यात मैदानावरून आवाज उठला. आधी तो दबलेला श्वास, हजारो लोकांचा, आणि मग एकदम फुटलेली आरोळी, भिंतीवरून, दिव्यांच्या खांबांवरून, खिडकीच्या काचा थरथरवत आत. गोल. आपला. मास्तर उठले. न खांब, न भिंत, न हात टेकवणं. नऊ वर्षांपूर्वीसारखे एका झटक्यात उठले, आणि दोन्ही हात वर करून खिडकीशी गेले. "कोण? कोणी मारला? दहा नंबर होता का?" त्यांनी विचारलं, खिडकीतून, समोरच्या नुसत्या भिंतीला.

मग ते वळले. त्यांनी आधी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं आणि मग खुर्चीकडे. कुशनवाल्यानेही खुर्चीकडेच बघितलं. बाहेर लोक मास्तरांचं नाव घेऊन ओरडत होते, परत या म्हणत होते, आणि आत दोघंही त्या चार नव्या पायांकडे बघत उभे होते.